कवळीवाली प्रांत निवडते

गल्लीत तिला सगळे कवळीवाली म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. औषधांच्या दुकानामागे तळघरात एक लॅब होती. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा ठसा घेऊन तिथे पाठवत, आणि त्या ठशावरून ती प्लास्टरचा साचा ओतून, गुलाबी मेणात एकेक दात लावून कवळी तयार करी. दिवसभर स्पिरिटच्या दिव्याशेजारी बसून तिच्या केसांना मेणाचा वास लागलेला असे. घरात मात्र दिव्याखाली अंधार होता. सासूबाईंसाठी तिने जीव ओतून केलेली कवळी सासूबाई पाण्याच्या वाटीत ठेवत आणि पाहुणे आले की तेवढ्यापुरती घालत. "टोचते गं," म्हणत. कुठे टोचते विचारलं तर, "सगळीकडेच," म्हणत.

तिच्या पायाला जन्मापासून भिंगरी होती, असं तिची आई म्हणायची. त्यात तिचा दोष नव्हता. वडील पुलांच्या कामावर फोरमन होते. एक पूल उभा राहिला की बिऱ्हाड पुढच्या नदीकडे निघायचं. वर्गात तिची ओळख व्हायची ती 'नवीन मुलगी' म्हणून, आणि नाव पाठ होईस्तोवर ती गेलेली असायची. लग्न करून ती तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत आली. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर ऑपरेटर होता, शांत माणूस. मुलगी झाली, शाळेत जाऊ लागली, आणि एक दिवस कवळीवालीच्या लक्षात आलं की आयुष्यात ती इतकी वर्षं एका जागी कधीच राहिली नव्हती. तेव्हापासून तिच्या अंगाला मुंग्या येऊ लागल्या. बसल्या बसल्या उठायची, कपाट या भिंतीचं त्या भिंतीला सरकवायची. सासूबाई म्हणत, "हिला घर नको, आगगाडी हवी."

परदेशी जायचं ठरलं ते असं. कुणी म्हणेल पोटासाठी, कुणी म्हणेल मुलीच्या शिक्षणासाठी. दोन्ही खरं होतं, पण खरं कारण त्या मुंग्या होत्या, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

कारागिरीची परीक्षा ती पास झाली, भाषेचीही झाली. खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली. त्या देशात नुसतं 'आम्हाला घ्या' म्हणून भागत नव्हतं. तिथल्या प्रत्येक प्रांताला वेगवेगळे कारागीर हवे होते, आणि अर्ज एका वेळी एकाच प्रांताला करता यायचा. शिवाय तिथेच राहीन, निदान दोन वर्षं तरी हलणार नाही, असं लिहून द्यायचं. कवळ्या करणारी माणसं तीन प्रांतांना हवी होती. एक मोठ्या शहराचा प्रांत, जिथे तिची नणंद लग्न झाल्यापासून राहत होती. दुसरा सपाट मैदानांचा, जिथे म्हणे अर्ज लवकर मंजूर होत. तिसरा पार टोकाचा, वाऱ्याने झोडपलेल्या किनाऱ्याचा. तिथे तरुण माणसं टिकत नसत आणि मागे राहत ते म्हातारे. अर्थात कवळ्यांच्या कामाला तोटा नव्हता.

चपलांच्या दुकानाच्या वर एका सल्लागाराचं ऑफिस होतं. नवरा-बायको दोघं तिथे गेले. सल्लागाराने नकाशावर मैदानाच्या प्रांतावर पेन टेकवलं.

"इथे करा. डोळे मिटून."

"तिथे आमचं कुणीच नाही," नवरा म्हणाला.

"असू द्या हो. प्रांत म्हणजे काही नवरा नाही, मॅडम. दोन वर्षांनी बदलता येतो."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताचा पंखा बघत होता.

घरी येईपर्यंत तिचं मैदान पक्कं झालं होतं. पण जिना चढता चढता तिला वाटलं, नुसतं सपाट, एक नदी नाही की चढण नाही. तिथे नजर कुठे ठरेल? नंतर आठवडाभर ती नणंदेच्या शहराच्या बाजूची झाली. मग बातम्यांत तिथल्या घरभाड्यांविषयी काही पाहिलं आणि परत मैदानावर आली. मुलीने शाळेत तीन मैत्रिणींना तीन प्रांत सांगून ठेवले होते. "एक तरी खरा निघेल," ती म्हणाली. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी कवळीवालीची गत झाली. किनाऱ्याचं मात्र नाव कुणीच काढत नव्हतं. सासूबाईंनी त्याला 'वाऱ्यावरचा प्रांत' म्हणून मोडीत काढलं होतं.

नणंदेचे फोन वाढले ते याच दिवसांत. नणंद नवऱ्याहून मोठी, बोलायला ठसक्याची. फोन आला की घरात जणू हेडबाई शिरायच्या. ती व्हिडिओवर घर दाखवी: हा खालचा मजला, ह्या दोन खोल्या तुमच्या, ही खिडकी जरा उंचावर आहे पण उजेड येतो. "इकडे-तिकडे बघूच नका," ती म्हणे. "आपलं माणूस असताना परक्या गावात कशाला मरायला जायचं? आई, तूसुद्धा ये."

सासूबाईंचे डोळे भरून येत. नवरा मान हलवी. कवळीवाली पोळलेल्यासारखी उठून गच्चीत जाई. नणंदेच्या घरात, नणंदेच्या खाली, नणंदेच्या वेळापत्रकाने जगायचं. तिला ते डोळ्यांपुढे दिसे. आणि तेवढंच स्पष्ट हेही दिसे की नाही म्हणायला तिच्याकडे एकही धड कारण नाही.

एका रविवारी तिने नवऱ्याला गाठलंच. तो बाल्कनीत बुटांना पॉलिश करत होता.

"अहो, तुमचं मत काय आहे?"

"तू म्हणशील तिथे."

"हे मत झालं?"

"मला कुठेही चालतं गं."

"कुठेही चालतं म्हणजे उद्या चुकलं तर खापर माझ्या डोक्यावर. तुम्ही मोकळे." तिचा आवाज चढला. "पंपहाऊसवर एवढे व्हॉल्व्ह फिरवता, तिथे म्हणता का कुठलाही फिरवा म्हणून?"

 त्याने ब्रश खाली ठेवला, परत उचलला. त्या दिवशी दोघांत अबोला राहिला. सासूबाई एकाकडून दुसऱ्याकडे निरोप पोचवत राहिल्या, आणि पोचवताना त्यात स्वतःचं तिखटमीठ घालत राहिल्या.

कामावर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एके सकाळी एक डॉक्टर स्वतः लॅबमध्ये आले आणि त्यांनी तिच्या टेबलावर एक कवळी ठेवली. रुग्णाचं तोंडच मिटत नव्हतं. तिने वरचा आणि खालचा जबडा जुळवून पाहिला. वरचे दात एका माणसाचे होते आणि खालचे दुसऱ्याचे. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन कामांची तिने अदलाबदल केली होती. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. लॅबचे मालक रागवतील असं तिला वाटलं, पण मालक स्टूल ओढून समोर बसले.

"हात इथे दिसतायत," ते म्हणाले. "डोकं कुठल्या प्रांतात आहे, तेवढं सांग."

तिला हसू आलं आणि हसता हसता रडूही. तिने दोन्ही कामं नव्याने केली आणि त्या तोंड न मिटणाऱ्या आजोबांची माफी मागायला डॉक्टरांकडे स्वतः गेली. आजोबा म्हणाले, "घरी सगळे खूश होते, मला बोलता येत नव्हतं ना."

या प्रसंगाने ती इतकी हादरली की तिने त्याच आठवड्यात निकाल लावायचा ठरवलं. डोक्याला ताप पुरे. माणसं असतात तिकडे जावं, जग असंच करतं. तिने मोठ्या शहराच्या प्रांताचा अर्ज भरायला घेतला. त्या प्रांतात नातेवाईक असेल तर त्याचा पत्ता आणि घरात कोण कोण राहतं, ते लिहायचं होतं. नीट विचारून घ्यावं म्हणून तिने दुपारच्या सुट्टीत लॅबच्या मागच्या अंगणातून नणंदेला फोन लावला. तिथे प्लास्टरची रिकामी पोती पडलेली असत, आणि बोलायला तेवढी एकच निवांत जागा होती.

"ताई, तुमच्याकडचा अर्ज भरतेय. पत्ता सांगा. आणि घरात माणसं किती लिहू? तुम्ही, भावोजी..."

 फोन तुटला असं वाटून ती "हॅलो, हॅलो" करत राहिली.

"एकच लिही," नणंद म्हणाली.

"म्हणजे?"

"तुझे भावोजी गेल्या हिवाळ्यातच गेले. दुसरीकडे राहतात. दुसऱ्या बाईबरोबर." ठसका कुठल्या कुठे गेला होता. "आईला सांगू नकोस. तुझ्या नवऱ्यालाही नको."

कवळीवाली एका पोत्यावर बसली. मग तिला एकेक गोष्ट आठवू लागली. व्हिडिओत भावोजी कधी दिसत नव्हते. विचारलं की ते ड्युटीवर असत. भिंतीजवळचं मोठं कपाट नाहीसं झालं होतं आणि तिथे नुसता फिका चौकोन उरला होता. तो तिने पाहिला होता, आणि नणंदेलाही आपल्यासारखीच सामान हलवायची खोड असेल असं समजून सोडून दिला होता.

"तुम्ही आलात की घर भरेल असं वाटलं," नणंद म्हणाली. "जेवायला बसते ना, तर समोरची खुर्ची... मी ती गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. तरी तिथे आहेच."

 जिच्या हुकमाखाली राहायला नको म्हणून महिनोन्महिने जीव वर-खाली झाला, ती बाई एका रिकाम्या खुर्चीला भीत होती. कवळीवालीच्या तोंडून 'येतो ताई, आम्ही येतो' हे शब्द जवळजवळ निघालेच होते. पण तिने दातांखाली जीभ धरली. दयेपोटी गेलो तर काय होईल ते तिला पुरतं कळत होतं.

"ताई," ती म्हणाली, "मी आत्ता हो म्हटलं तर ते फक्त तुमच्यासाठी असेल. आणि वर्षभरात त्याचं खापर तुमच्यावरच फोडेन. मला मी माहितीय." मग तिने विचारलं, "पण तुम्हाला राहायचंय का तिथे?"

"हे मला कुणी विचारलंच नव्हतं," नणंद म्हणाली.  "पण परत तरी कुठल्या तोंडाने येऊ?"

"आहे त्याच तोंडाने या. दातांचं मी बघते."

नणंद हसली. तिचं हसणं कवळीवालीने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असावं.

नवऱ्यापासून गोष्ट लपवायची नाही, असं मात्र तिने नणंदेला बजावलं. सांगायचं तर तुम्हीच सांगा, पण सांगा. पुढच्या रविवारी नणंदेने फोन केला आणि आईला समोर बसवायला सांगितलं. मग तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. कवळीवालीला भीती होती सासूबाईंची. सासूबाई पदराशी चाळा करत राहिल्या.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "जावई फोनवर नुसता खोकायचा, आणि तोसुद्धा वर्षापूर्वी. ये तू. लोकांचं काय, हसतील त्यांचे दात दिसतील." मग सुनेकडे वळल्या. "आणि तू हे कधीपासून पोटात ठेवून होतीस?"

"चार दिवस झाले, आई."

"म्हणून चहा पाणचट होत होता," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड धुवायला आत गेल्या. पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

संध्याकाळी नवरा तिला म्हणाला, "चल, चालून येऊ." दोघं पंपहाऊसच्या रस्त्याने निघाले.  पाण्याच्या टाकीपाशी तो थांबला.

"तू विचारलं होतंस ना मत? मला ताईकडे जायचं नव्हतंच."

"मग मान का हलवत होता?"

"तिच्यापुढे मी लहानपणापासून मानच हलवत आलोय. तिकडे गेलो असतो तर या वयात पुन्हा धाकटा भाऊ झालो असतो. मला असं गाव हवं जिथे कामावर चालत जाता येईल. बाकी मला खरंच चालतं."

एवढंसं बोलायला त्याने किती दिवस घेतले, याचा तिला राग आला. आणि बोलला एकदाचा, म्हणून तिने त्याचा हात धरला.

किनाऱ्याचा प्रांत तिने उघडून पाहिला तो त्यानंतर. तिथल्या एका छोट्या गावात एक लॅब होती. ती चालवणारी म्हातारी निवृत्त व्हायला आली होती आणि तिला हाताखाली माणूस हवं होतं. त्या प्रांतात मालकाशी मुलाखत झाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. ठरलेल्या दिवशी कवळीवाली इथल्या लॅबच्या मालकांच्या केबिनमध्ये संगणकापुढे बसली. पडद्यावर आखूड केसांची, पांढऱ्या कोटातली बाई दिसली. मागे खिडकीत काहीतरी सारखं हलत होतं. झाड असेल असं आधी वाटलं, पण तो वाळत घातलेला टॉवेल होता. वारा त्याला दोरीवर आडवा धरून होता.

म्हातारीने कामाचं फारसं विचारलं नाही. कवळीवालीने पाठवलेले कामाचे फोटो तिने आधीच पाहिले होते.

"तुम्हाला इथेच का यायचंय?" तिने विचारलं.

सल्लागाराने या प्रश्नाचं उत्तर पाठ करून घेतलं होतं. स्वच्छ हवा, प्रेमळ माणसं, मुलीसाठी सुरक्षित वातावरण. कवळीवालीने तोंड उघडलं आणि तिला ते म्हणवेना.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे आम्हाला कुणी ओळखत नाही, एवढंच माहीत आहे. बाकी दोन ठिकाणांविषयी मला सगळ्यांनी सांगितलं. तुमच्याविषयी कुणी काही बोललंच नाही."

"राहाल का पण?"

"दोन वर्षं राहीन. लिहून देईन ते पाळेन. त्यापुढचं मी खोटं सांगणार नाही. मी फार दिवस कुठे राहिलेली नाही. इथे राहिले, तर बेचैन झाले."

म्हातारीने चष्मा काढून कोटाला पुसला. "आधीचे दोघं," ती म्हणाली, "इथेच मरू म्हणाले होते. पहिल्या हिवाळ्यात पळाले."

मुलाखत तिथेच संपली. काय समजायचं ते कवळीवालीला कळेना. घरी येऊन तिने सांगितलं, "झालं, बसले पायावर धोंडा मारून." पण आठवडा संपायच्या आत म्हातारीचं पत्र आलं, की तुम्हाला घेते. अर्ज किनाऱ्याच्या प्रांताला गेला. सल्लागाराने कपाळावर हात मारला.

मग वाट बघणं सुरू झालं, आणि वाट बघणं हे तिच्या स्वभावाला सगळ्यात वाईट औषध होतं. याच काळात नणंद परत आली. दोन बॅगा घेऊन, चेहरा कडक करून आली आणि पहिल्या दिवशी कुणाशी धड बोलली नाही. दोन खोल्यांत सहाजण असल्यासारखं वाटू लागलं, होते पाचच. नणंद स्वयंपाकघरातले डबे आपल्या पद्धतीने लावी आणि कवळीवाली ते परत आपल्या पद्धतीने लावी. एकदा दोघींनी एकच डबा धरला आणि कुणीच सोडेना.

"तू जाणारच आहेस ना?" नणंद म्हणाली.

"जाईन तेव्हा लावा."

नणंदेने डबा सोडला. पण त्याच नणंदेने सासूबाईंना समोर बसवून विचारलं की कवळी नेमकी कुठे टोचते, आणि आरशात बघून दाखवायला लावलं. डावीकडे मागे, एवढ्याशा जागी. कवळीवालीने ती दोन मिनिटांत घासून दिली. "हे आधी का नाही सांगितलंत, आई?" तर सासूबाई म्हणाल्या, "सुनेच्या कामाला नाव कसं ठेवायचं?" 

मंजुरी आली तेव्हा सासूबाईंनी येत नाही म्हणून सांगितलं. "तिला आता एकटं टाकायचं नाही," त्या नणंदेकडे बघून म्हणाल्या. "आणि मला वारा सोसत नाही." घर नणंदेकडे आणि सासूबाईंकडे राहिलं. निघताना नवरा बहिणीच्या पाया पडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. नणंदेने त्याला खांद्याला धरून उभं केलं.

किनाऱ्यावरचं गाव चित्रासारखं वगैरे नव्हतं. घरं बुटकी, रस्ते ओले, आणि वारा असा की दार उघडायला खांदा लावावा लागे. नवऱ्याला पहिले सात-आठ महिने माशांच्या कारखान्यात खोकी भरावी लागली, हात भेगाळले. पुढे तिथल्या पाणीपुरवठ्यात त्याला जागा मिळाली आणि तो कामावर चालत जाऊ लागला. मुलीने घरी पाऊल टाकलं की ती सांगे, आज कोण कोण बोललं. काही दिवशी कुणीच बोललेलं नसे, आणि त्या दिवशी कवळीवालीला स्वतःचं जुनं नाव आठवे: नवीन मुलगी. "तुला आणून मी चूक केली का गं?" तिने एकदा विचारलं. मुलगी म्हणाली, "अजून कळलं नाही. थांब जरा."

पहिला हिवाळा कवळीवालीने दातावर दात रोवून काढला. कामाचा मात्र तुटवडा नव्हता. म्हातारी तिच्या शेजारी बसून काम करी, कमी बोले आणि जेवणाच्या सुट्टीत झोप काढी. माणसं दूरदूरच्या वस्त्यांवरून येत, कवळी घालून आरशात बघत आणि आभार मानायच्या ऐवजी हवामानावर बोलत.

दोन वर्षं सरली तेव्हा लिहून दिलेलं संपलं. आता कुठेही जायला ती मोकळी होती. तिने नकाशा काढला, मैदान पाहिलं, मोठं शहर पाहिलं, नकाशावर नसलेल्या गोष्टींचाही विचार केला. त्याच महिन्यात म्हातारीने लॅब सोडायचं ठरवलं आणि विचारलं, "घेतेस?"

कवळीवालीने विचार करायला वेळ मागितला. समुद्राच्या कडेने चालून आली, नवऱ्याला विचारलं. तो "तू म्हणशील" म्हणायला लागला होता, पण तिचा चेहरा बघून थांबला आणि म्हणाला, "मला राहायला आवडेल." मुलीलाही विचारलं, तीही राहू म्हणाली. मग नणंदेला फोन लावला. नणंदेने आता तिथे एका शाळेच्या ऑफिसात काम धरलं होतं आणि बाहेरच्या खोलीला नवा रंग दिला होता. कोणता द्यावा, ते तिने कुणालाच विचारलं नव्हतं.  परत जायचं म्हटलं तर ती खोली आता दुसऱ्याची होती.

"घे की," नणंद म्हणाली. "नाही जमलं तर सोड. तूच म्हणतेस ना, लिहून दिलं तेवढं पाळायचं."

दुसऱ्या दिवशी तिने म्हातारीला सांगितलं, एक वर्ष चालवून बघते. म्हातारीने किल्ली दिली आणि त्या दाराचं कुलूप ओढून धरल्याशिवाय उघडत नाही, हे दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा कवळीवालीने स्वतः उघडून पाहिलं. आत टेबलावर तीन ठसे वाट पाहत होते, आणि प्लास्टर संपत आलं होतं. तिने कोट चढवला आणि आधी प्लास्टरवाल्याला फोन लावला.